मुद्दाम चुकवलेली उत्तरं

मिस लिम मला आठवड्यातून एकदा शिकवते. काय शिकवते, तर लक्षात ठेवायला. सिंगापूरच्या नोव्हेना भागातल्या एका हॉस्पिटलात तिची छोटीशी खोली आहे आणि तिथे मी बत्तिसाव्या वर्षी वही-पेन्सिल घेऊन जातो. रोज एक पान लिहायचं, हा तिचा गृहपाठ. कुठल्या भाषेत लिहू, असं मी विचारलं तर म्हणाली, "युअर मदर स्कोल्ड यू इन व्हॉट लँग्वेज? दॅट वन लाह."

आई मराठीत रागवायची आणि पोटभर रागवायची. त्यामुळे शब्द कमी पडणार नाहीत.

माझं नाव अभिजित. मी ऑस्ट्रेलियात चार हंगाम रग्बी लीग खेळलो, पगार घेऊन खेळलो. आता मला फिट्स येतात आणि गोष्टी लक्षात राहत नाहीत. हे लिहिलेलं माझी बायको मंजिरी तपासते. जे मला आठवलं नाही ते तिला किंवा आईला विचारलं, आणि जे कोणालाच ठाऊक नव्हतं ते सोडून दिलं. सिंगापूरच्या बऱ्याच मराठी घरांतली पोरं हल्ली शाळेत रग्बी खेळतात. त्यांच्या आईबापांनी वाचावं आणि त्या पोरांनाही वाचून दाखवावं. कोणाला घाबरवायचा हेतू नाही, असं लिहिणार होतो. पण आहे, थोडा आहे.

चवडा

बाबा मरीन इंजिनिअर. मी बारा वर्षांचा असताना आम्ही ठाण्याहून इथे आलो. तोवर मी रोज संध्याकाळी मैदानावर कबड्डी खेळायचो, आणि चवडा पकडण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. चढाईला आलेल्याचा पाय टिपायचा तर विचार करून चालत नाही, डोकं खाली घालून झेप घ्यावी लागते. इथल्या शाळेत रग्बी होती. पहिल्याच दिवशी माझ्या दुप्पट वजनाचा एक मुलगा चेंडू घेऊन अंगावर आला आणि मी त्याचा चवडा धरला. तो आडवा झाला. दुसऱ्या दिवशी माझं नाव संघाच्या यादीत होतं.

अठराव्या वर्षी शिकायला म्हणून ऑस्ट्रेलियाला गेलो आणि दोन वर्षांत अभ्यास सोडून एका क्लबात शिरलो. शाळेतली रग्बी पंधरा जणांची, ही लीग तेरा जणांची. चेंडूवाल्याला पाडायचं, तो उठून खेळ पुढे सुरू करतो, असं सहा वेळा पाडलं की चेंडू आपल्याकडे येतो. म्हणजे ऐंशी मिनिटं नुसतं पाडायचं आणि पडायचं. एका सामन्यात मी तीस-पस्तीस वेळा तरी कोणाला ना कोणाला पाडायचो.

पाडताना आपलं डोकं त्याच्या मांडीच्या मागे राहिलं पाहिजे, ही तिथली पहिली शिकवण. माझं डोकं पुढे जायचं, नेमकं त्याच्या गुडघ्याच्या वाटेत. कबड्डीत ते चालून जातं. इथे शंभर किलोचा माणूस भरधाव येत असतो. कोच सांगून सांगून थकले. सरावात मी सुधारायचोही, पण साठाव्या मिनिटाला दम संपला की माणूस लहानपणी शिकलेलंच करतो. शिवाय प्रेक्षकांना ती झेप आवडायची आणि माझं कंत्राट तिच्याच जोरावर झालं होतं. म्हणून ती सवय मोडायची मीही फारशी घाई केली नाही.

दोन वर्षं दुय्यम संघात काढली, मग चार हंगाम मुख्य संघात. सामन्यानंतरच्या सकाळी बर्फाच्या पाण्यात बसायचं, मग आपल्याच चुकांची फिल्म बघायची, की पुन्हा सराव. इकडे आई मंडळाच्या गणपतीत सांगायची, "अभी तिकडे स्पोर्ट्समध्ये असतो." पुढे कोणी विचारत नसे. क्रिकेट सोडलं तर आपल्याकडे बाकी सगळे खेळ स्पोर्ट्समध्येच जमा.

परीक्षा

दर हंगामाच्या आधी क्लबचे डॉक्टर प्रत्येकाची कॉम्प्युटरवर एक परीक्षा घ्यायचे. पडद्यावर खेळायच्या पत्त्यांतला एकेक पत्ता यायचा. आधी येऊन गेलेला पत्ता पुन्हा दिसला की बटण दाबायचं. किती चटकन दाबलं आणि किती बरोबर दाबलं, याची नोंद व्हायची. पुढे सामन्यात डोक्याला मार बसला की तीच परीक्षा पुन्हा. आकडे पहिल्यासारखे आले तर खेळायचं, घसरले तर बाहेर बसायचं. आणि बाहेर बसलेल्याची जागा राखून ठेवण्याची रीत तिथे नव्हती.

कॉलिन हा आमच्यातला सगळ्यात जुना गडी. पहिल्या वर्षी परीक्षेच्या रांगेत तो माझ्या मागे उभा होता. माझ्या खांद्यावर हात ठेवून त्याने जे सांगितलं त्याचा अर्थ असा, की आज ढ बन म्हणजे हंगामाच्या शेवटी हुशार ठरशील. आज हळू दाबलंस, चार पत्ते चुकवलेस, तर उद्या डोकं बधिर झालं तरी आकडे तेच येतील.

मी ढ बनलो. चारही वर्षं बनलो. जवळजवळ सगळेच बनायचे, आणि कॉपी करताना शाळेत जशी मजा यायची तशी मला यायची. डॉक्टरांना दोष नाही, त्यांच्यापुढे आम्ही सगळे ओळीने बसून नाटक करत होतो.

डोक्याला मार किती वेळा बसला ते मला सांगता येत नाही. एकदा सामना संपल्यावर मी समोरच्या संघाच्या खोलीत जाऊन बूट सोडत बसलो होतो. ते हसले, मीही हसलो. दोन दिवसांनी परीक्षा झाली आणि मी पास झालो. एकदा भर मैदानात ओकलो होतो, तेव्हाही पास झालो. शेवटी गुडघा गेला, तो मात्र कुठल्याही परीक्षेत लपत नाही. कंत्राट संपलं आणि मी सिंगापूरला परतलो.

इथे एका जिममध्ये ट्रेनर झालो. मंजिरीशी लग्न झालं. ती पुण्याची, चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेत कामाला. सीमेईला फ्लॅट घेतला, इरा झाली. मंजिरीला मी माहीत होतो तो थोडा विसरभोळा, दोनदा सांगावं लागणारा माणूस. नवरे असतातच असे, म्हणून तिने सोडून दिलं.

उबीन

इरा दोन वर्षांची असताना एका रविवारी आम्ही पुलाउ उबीन बेटावर भाड्याने सायकली घेतल्या. मंजिरी पुढे होती. माझ्या मागे लहान मुलांची सीट आणि तीत इरा. त्यापुढचं मला आठवत नाही. मंजिरीने मागे सायकल पडल्याचा आवाज ऐकला, मग इराचं रडणं. मी कडेच्या गवतात आखडून पडलो होतो, तोंडाला फेस होता, आणि इराचा डावा हात माझ्या पाठीखाली होता. तो मोडला होता.

उबीनहून परत नेणारी छोटी बोट, बमबोट, बारा माणसं जमल्याशिवाय सुटत नाही. त्या दिवशी म्हाताऱ्या नावाड्याने आम्हाला पाहिलं, बाकीच्यांना हाताने थांबवलं आणि आम्हा तिघांनाच घेऊन निघाला. त्याला मंजिरीचं बोलणं कळत नव्हतं आणि तिला त्याचं. वाटेत त्याने स्वतःच्या गळ्यातला टॉवेल भिजवून इराच्या कपाळावर ठेवला. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं, याची मंजिरीला अजून रुखरुख आहे.

दोन हॉस्पिटलं

इरा मुलांच्या हॉस्पिटलात, मी नोव्हेनाला. मंजिरी दोन्हीकडे धावत होती. माझ्याकडे आली की डबा ठेवायची, डॉक्टरांशी बोलायची आणि जायची. चौथ्या दिवशी तिने पलंगाशी उभं राहून सांगितलं, "तुझा दोष नाही, हे मला कळतंय. पण आत्ता माझ्याच्याने तुझ्याकडे बघवत नाहीये." खोटं गोड बोलण्यापेक्षा ते बरं होतं, असं आज म्हणतो. तेव्हा भिंतीकडे तोंड करून रडलो.

मेंदूचे डॉक्टर, डॉ. टॅन, यांनी स्कॅन दाखवला. मेंदूवर जुन्या माराच्या खुणा होत्या, फिट्स त्यातूनच येत होत्या. मार किती वेळा बसला, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, खेळात बसतोच. ते म्हणाले, आकडा सांगा. मी आठवायला लागलो आणि पहिल्यांदा मनापासून घाबरलो, कारण मला एकाही सामन्याचा शेवट आठवेना.

वॉर्डात रोज सकाळी नर्स विचारायची, कुठे आहात, महिना कोणता, वार कोणता. ती यायच्या आधी मी शेजारच्या अंकलच्या वर्तमानपत्रावरून वार बघून ठेवायचो. अंकलना अर्धांगाचा झटका आलेला, बोलता येत नव्हतं. माझी लबाडी त्यांनी ओळखली. तेव्हापासून नर्सची चाहूल लागली की ते पेपर उचलून माझ्याकडे वळवून धरायचे. त्या आठवड्यात मी हसलो तो एवढ्यावरच.

आईचा पहिला प्रश्न वेगळाच होता. "लोकांना काय सांगायचं? चक्कर आली म्हणू. फिट बिट कोणापाशी बोलू नकोस."

चांगली बातमी

गोळ्या सुरू झाल्या. पोहणं, गाडी, शिडी, सगळं बंद झालं. जिमने हळूच नकोस म्हटलं. माझ्याकडे एकच काम उरलं, ते म्हणजे इरा. मंजिरी ऑफिसला गेल्यावर तिला मी सांभाळायचं, असं आमचं ठरलं होतं आणि मला दुसरं काही नकोच होतं. पण डॉक्टरांची अट होती. काही महिने फिट येता कामा नये आणि स्मरणाची तपासणी नीट निघाली पाहिजे. तोवर इराजवळ एकट्याने राहायचं नाही. आई रोज सकाळी क्लेमेंटीहून एमआरटीने तासभर प्रवास करून यायची आणि संध्याकाळी परत जायची.

फिट आली नाही. तपासणीच्या दिवशी मी इतका जीव तोडून बसलो की शर्ट भिजला. पुन्हा तसलीच परीक्षा, पुन्हा पत्ते. डॉ. टॅन यांनी ऑस्ट्रेलियाहून माझे जुने आकडे मागवून घेतले होते. आठवड्याने त्यांनी मला, मंजिरीला आणि आईला समोर बसवलं. आईला विचारलं, "स्मॉल टाइम ऑल्सो लाइक धिस? फरगेटफुल?"

आई ताबडतोब म्हणाली, "येस येस. फ्रॉम चाइल्डहूड. ऑल्वेज."

डॉक्टरांनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. आजचे आकडे आणि सहा-सात वर्षांपूर्वीचे आकडे जवळजवळ सारखे होते. म्हणजे स्मरण घटलेलं नाही, मूळचंच तेवढं आहे, आईही तेच सांगतात. तेव्हा गोळ्या चालू ठेवा आणि मुलीला सांभाळायला हरकत नाही.

मंजिरीने टेबलाखाली माझा हात धरला, उबीननंतर पहिल्यांदाच. आईने पदर डोळ्यांना लावला. मी त्या कागदांकडे बघत होतो. जीव तोडून मिळालेला आकडा आणि ढ माणसाचं सोंग घेऊन मिळवलेला आकडा एकच होता.

मी तोंड उघडलं नाही. बोललो असतो तर इराला सांभाळणं गेलं असतं. आणि आईचं बोलणंही होतंच. ती म्हणते पहिल्यापासून असाच, तर असेनही. हे मी स्वतःला किती वेळा ऐकवलं त्याला सुमार नाही. आईचं रोजचं येणं बंद झालं. मी आणि इरा, घरात दोघंच राहायला लागलो.

ते सहा आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते, हेही प्रामाणिकपणे लिहितो. तिचं प्लास्टर निघालं होतं. दुपारी आम्ही जमिनीवर चटई टाकून झोपायचो आणि ती माझ्या कानातल्या केसांना "पापा'ज गार्डन" म्हणायची.

तव हुए

आमच्या ब्लॉकपाशी हॉकर सेंटर, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांची मोठी शेड आहे. तिथलं तव हुए, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं गोड दही, इराला फार आवडायचं. एका सकाळी आम्ही गेलो. तिला नेहमीच्या टेबलाशी बसवून मी रांगेत लागलो. तव हुए घेतलं. घरी आलो.

घरी येऊन वाटी टेबलावर ठेवली, हात धुतले, टीव्ही लावला. काही चुकल्यासारखं वाटलं नाही. आठवून आठवून बेचैन होत होतो, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मी मजेत होतो. मला वाटतं मी शीळही घालत होतो.

अर्ध्या तासाने बेल वाजली. ड्रिंक्सच्या स्टॉलवरची आंटी इराला कडेवर घेऊन उभी होती. गॅसवर किटली ठेवून आली होती म्हणाली. आमचा ब्लॉक तिला माहीत होता, मजला इराने दाखवला. इरा रडली नव्हती. तिने आत बघितलं आणि विचारलं, "पापा, माय तव हुए?"

मी आंटीला म्हटलं, प्लीज, माझ्या बायकोला सांगू नका. तिने इराला खाली उतरवलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"टुडे आय ब्रिंग बॅक. टुमॉरो हू ब्रिंग? यू टेल मी, हू?"

मंजिरी संध्याकाळी आली, तिने पर्स खाली ठेवायच्या आत मी सगळं सांगितलं. हॉकर सेंटर, आंटी, ऑस्ट्रेलियातले पत्ते, कॉलिन, ते चार वर्षांचं ढ बनणं, सगळं. तिने इराला मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे तू किती होतास आणि किती उरलायस, हे कोणालाच माहीत नाही?"

"नाही."

"मला तर मुळीच नाही. मी तुला भेटले तेव्हा तू खेळून आला होतास."

तिने फोन उचलून आईला बोलावलं.

आईची साक्ष

आई रात्रीचं जेवण टाकून आली. मंजिरीने तिला सोफ्यावर बसवलं आणि विचारलं, "आई, खरं सांगा. अभिजित लहानपणापासून असाच होता?"

आईने आधी "होता की" म्हटलं. मग माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पडला.

"नव्हता," ती म्हणाली. "मी खोटं सांगितलं त्या डॉक्टरांना. डोक्याचा आजार म्हटलं की लोक सरळ वेडाच म्हणतात गं. उद्या इराच्या लग्नात विचारतील. मला वाटलं, पहिल्यापासून असाच आहे म्हटलं तर आजार नाही ठरायचा, नुसता स्वभाव ठरेल."

इरा तेव्हा तीनही वर्षांची नव्हती. मला आईचा भयंकर राग आला. तो दोन दिवस टिकला. पण मी कोणत्या तोंडाने रागवणार? मायलेकांनी एकमेकांना न विचारता एकच लबाडी केली होती, आणि दोन्ही लबाड्या एकमेकींना पुरावा म्हणून उभ्या राहिल्या होत्या.

पुढच्या आठवड्यात आम्ही डॉ. टॅन यांच्याकडे गेलो. इराही बरोबर होती, कोपऱ्यात रंगवत बसली. मी माझं सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत, फक्त तो जुना कागद फाइलमधून काढून बाजूला ठेवला. म्हणाले, हा आता कामाचा नाही, मला दुसरं काहीतरी हवंय. मग आईकडे वळून म्हणाले, "यू टेल. स्लोली."

आई मराठीत सांगायला लागली आणि मंजिरी इंग्रजी करत गेली. मी सात वर्षांचा असताना म्हणे आमच्या मजल्यावरची माणसं फोनचे नंबर डायरीत न बघता मला विचारायची. बाबांचं जहाज कुठून निघालं, कुठे पोचणार, मध्ये कुठली बंदरं, हे सगळं मला पाठ असायचं आणि आई बाबांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली असली की मी ती बंदरं तिला ओळीने म्हणून दाखवायचो. शाळेतली कविता एकदा ऐकली की पुन्हा वाचावी लागत नसे. क्लबात शिरल्यावर पहिल्या वर्षी मी ऑस्ट्रेलियाहून पत्रं पाठवायचो, त्यांत प्रत्येक सामना पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत लिहिलेला असे. आईने ती जपून ठेवली आहेत. दुसऱ्या वर्षी पत्रं लहान झाली. चौथ्या वर्षी बंद पडली. आईला वाटलं होतं, मुलगा मोठा झाला, आईला विसरला.

मध्येच मंजिरी थांबली. तिला पुढचं इंग्रजी करता येईना. डॉक्टरांनी टिश्यूचा डबा तिच्याकडे सरकवला आणि वाट पाहिली.

मी ऐकत होतो. आई सांगत होती तो मुलगा चांगला होता. तो मला अजिबात आठवत नव्हता.

"देन क्वाइट अ लॉट इज गॉन," डॉ. टॅन म्हणाले. गेलेलं परत येणार नाही, आहे ते टिकवायचं. आजपासून पहिला आकडा नव्याने धरू आणि दर सहा महिन्यांनी मोजू. मिस लिमकडे जायचं तेव्हाच ठरलं. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, की मुलीपाशी एकट्याने थांबायचं नाही. काही महिन्यांसाठी नाही, कायमचं.

मी म्हटलं, ओके. हे वाचणाऱ्या पोरांनो, तुमची पत्त्यांची ती परीक्षा कोणी घेतली तर जेवढं डोकं आहे तेवढं सगळं लावून द्या. तुम्ही कोण होतात हे पुढे कोणाला तरी विचारावं लागेल, तेव्हा तो कागद खरा असू द्या.

तेव्हापासून दोनदा मोजून झालंय. दोन्ही वेळा मी एकही उत्तर मुद्दाम चुकवलं नाही. दुसऱ्या वेळी आकडा खाली आला.

आईने सगळं सांगितलं त्या दिवशी डॉक्टरांकडून निघालो तेव्हा स्टेशनकडे जायला रस्ता ओलांडायचा होता. इराने सवयीने माझा हात धरला. मंजिरी वळसा घालून आली आणि तिने इराचा दुसरा हात धरला. इराला वाटलं आम्ही तिला झोका देणार, ती पाय उचलून लोंबकळली आणि हसायला लागली. तेव्हापासून इराचा एक हात माझ्या हातात असला की दुसरा नेहमी कोणाच्या तरी हातात असतो.